सिमरोलच्या घाटापासून जोजीलापर्यंत

इंदुरात गाडी शिकणाऱ्याचा पहिला घाट सिमरोलचा. ओंकारेश्वरला जायचं तर तो चुकत नाही. खंडव्याकडून भरून येणारे ट्रक, आखूड वळणं, पावसाळ्यातलं धुकं. तिथे हात बसला की वाटायला लागतं, आता गाडी कुठेही घालावी. मलाही तसंच वाटायचं. म्हणून जून २०२३ मध्ये स्वतःच्या गाडीनं लेहला निघालो. बरोबर बायको आणि लष्करी छावणीच्या महूचा आतेभाऊ. दादाची उमेदीची वर्षं फौजी गाड्या दुरुस्त करण्यात गेली. इंजिनाच्या आवाजावरून तो दुखणं ओळखतो. तो येतोय म्हटल्यावर आईनं फार अडवलं नाही.

ग्वाल्हेर, दिल्ली, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर हे सोळाशेवर किलोमीटर मी इथे सोडून देतो. चेनानी-नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड हे दोन लांब बोगदे झाल्यापासून जम्मू-श्रीनगर रस्त्याची धास्तीही कमी झाली आहे. मला सांगायचंय ते सोनमर्गपुढच्या तीसेक किलोमीटरचं, जोजीला खिंडीचं.

जोजीलाची उंची ३,५२८ मीटर. (लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड, तरी आपण 'जोजीला खिंड' म्हणतोच.) त्याच रस्त्यावर पुढे फोतुला आहे, ४,१०८ मीटर. तिथे आम्ही गाडी थांबवून निवांत फोटो काढले. म्हणजे जोजीलाची भीती उंचीची नाही. काश्मीरकडून येणारे ओले ढग ह्या भिंतीला धडकून इथेच रिकामे होतात, पलीकडे द्रासची बाजू कोरडी. हिवाळाभर साचलेला तो सगळा बर्फ उन्हाळ्यात वितळून रस्त्यावर वाहतो. बालटालच्या, म्हणजे काश्मीरकडच्या, बाजूचा चढ उभा, माती भुसभुशीत. डांबर टिकत नाही, कडेला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि दरड कधी सुटेल त्याला वेळकाळ नाही.

म्हणून इथे पहाटे निघतात. रात्रीच्या थंडीनं दगड आणि चिखल आवळून बसलेले असतात. उन्हं चढली की पाणी सुटतं आणि मग डोंगर सैल होतो. कुठल्या बाजूच्या गाड्या कधी सोडायच्या हे वाहतूक पोलीस ठरवतात. आम्ही साडेचारला रांगेत लागलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे आमची एमपी ०९.

सुरुवातीची वळणं नीट गेली. खाली बालटालला अमरनाथ यात्रेचे तंबू लागत होते, वरून पाहिलं तर रांगोळीचे ठिपके. बायकोनं एकदा खाली बघितलं आणि मग नजर समोर ठेवली ती ठेवलीच. एका वळणाआधी वरून बर्फाचं पाणी रस्ता कापून चाललं होतं, हातभर खोल, तळाशी गोटे. पुढचा ट्रक त्यातून गेला. मी शिरलो आणि मधोमध ब्रेक मारला. का मारला, ते आजही सांगता येत नाही. पाय आपोआप गेला. मग निघायला क्लच सोडला तर चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी वीतभर मागे सरकली. मागे ट्रक होता आणि त्याच्या बाजूला काहीच नव्हतं.

दादा एवढंच म्हणाला, "हँडब्रेक ओढ. आता काही करू नकोस."

क्लचचा जळका वास गाडीभर पसरला होता. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर उतरले. क्लीनर पोरगा गुडघाभर पाण्यात वाकून आमच्या मागच्या चाकांना दगड लावत होता. त्या पाण्यात बोट घातलं तरी कळ निघेल, पण त्यानं हात बाहेर काढला नाही, दोन्ही दगड घट्ट बसेपर्यंत. ड्रायव्हर खिडकीशी आला. काश्मिरी, पन्नाशीचा, डोक्याला मफलर. म्हणाला, "साहब, पहला गियर रखो और ब्रेक को भूल जाओ. पानी में सोचना नहीं." हँडब्रेक हळूहळू सोडत, ॲक्सिलेटर एकसारखा धरून, मी पाण्यातून बाहेर आलो. त्यांचे आभार मानायलाही पुढे थांबायला जागा नव्हती.

पुढच्या पट्ट्यात सगळंच थांबलं. वरून फौजी ॲम्ब्युलन्स उतरत होती म्हणून ट्रक डोंगराला चिकटून उभे राहिले होते. तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी रांग मोडून पुढे आली, तिच्यामागे आणखी चार. रस्ता एका ट्रकाचा. झालं, ॲम्ब्युलन्स अडकली. पाऊण तास. त्या पाच गाड्या एकेक करून मागे घेताना प्रत्येकीचं बाहेरचं चाक कडेपासून फूटभरावर येत होतं. मला त्या लोकांचा तेव्हा जेवढा राग आला तेवढाच आजही आहे. ॲम्ब्युलन्समध्ये कोण होतं, ते वेळेत खाली पोचलं का, हे आम्हाला कधीच कळणार नाही. शहरात सिग्नल मोडणं वेगळं. इथे रांग हाच काय तो कठडा असतो.

त्या खोळंब्यात दादा म्हणाला, "अरे, ह्याच चढावरून टँक नेलेत."

१९४८ ची गोष्ट. खिंड पाकिस्तानी हल्लेखोरांच्या हातात गेली होती, लेहकडचा रस्ता तुटला होता आणि सप्टेंबरात पायदळाचे हल्ले फसले होते. तेव्हा जनरल थिमय्यांनी सातव्या लाईट कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक वर न्यायचं ठरवलं. सुगावा लागू नये म्हणून टँकांचे टरेट, म्हणजे तोफेचे वरचे घुमट, काढून ते जम्मूहून गुपचूप आणले. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या वाटा-पूल बांधणाऱ्यांनी, बालटालपासून वर खेचरांच्या वाटेची टँकची वाट केली, आणि १ नोव्हेंबरला टँक खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर टँक येतील असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. दादा हे महूत शेकडो वेळा ऐकून आलेला. पण त्या दिवशी तो लढाईबद्दल फारसं बोललाच नाही. काच खाली करून चिखलाकडे बघत म्हणाला, "ह्या मातीत साखळी पट्ट्यानं पकड घेतली कशी असेल? आणि ही माती कापून वाट करणाऱ्यांनी थंडीत फावडं धरलं कसं असेल?"

ते फावडंवाले आज सीमा सडक संघटनेचे. त्यांचे कितीतरी मजूर झारखंडातल्या दुमक्याकडून येतात. दुमक्यात कधी बर्फ पडत नाही. खोळंबा सुटल्यावर पुढच्या दरडीच्या जागी त्यांच्यातला एक जण उभा होता. गमबूट, अंगाला मोठा होणारा खाकी कोट, तोंडात शिट्टी. आम्ही रस्त्याकडे बघत होतो, तो एकटाच वर डोंगराकडे. वरून एखादा दगड हलला की लांब शिट्टी, सगळं थांबायचं. काही नसेल तर हातानं, मान न वळवता, चला-चला. आमच्या आधीची गाडी गेली आणि शिट्टी वाजली. डोक्याएवढे दोन दगड रस्त्यावर आपटून दरीत गेले. आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्यानं आम्हाला हात केला.

वरचा माथा सपाट आहे, हे मला माहीत नव्हतं. दोन्हीकडे बर्फाच्या भिंती आणि मधून मोकळा रस्ता. समोर माचोई हिमनदी. तिचं पाणी एकीकडे काश्मीरच्या सिंध नाल्यात आणि दुसरीकडे द्रासकडे जातं. मीनामर्गच्या चेकपोस्टवर नावं लिहिली, चहा घेतला. सेवेची, म्हणजे इंदुरी शेवेची, पाकिटं काढली तर हवा विरळ झाल्यानं उशीसारखी फुगलेली. दादानं जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, बाटली आणली होती. मॅगीवर जिरावण आणि सेव घालून आम्ही तिघांनी खाल्लं. बायकोचे हात तेव्हा कुठे थरथरायचे थांबले.

बालटाल ते मीनामर्ग तेरा किलोमीटरचा बोगदा खणला जात होता. तो झाला की हा चढ लागणार नाही, हिवाळ्यात लडाख तुटणार नाही, आजाऱ्याला वाट बघावी लागणार नाही. रस्ता सुंदर आहे म्हणून तो तसाच राहावा असं म्हणणारे मला भेटले. ते उन्हाळ्यातलेच पाहुणे. मी माझ्या मतावर ठाम आहे, बोगदा लवकर व्हावा.

नऊ दिवसांनी त्याच वाटेनं उतरलो. पाणी तेवढंच होतं; ह्या वेळी ब्रेकवर पाय गेला नाही. दरडीच्या जागी तोच माणूस होता, निदान तोच कोट. बायकोनं काच खाली केली आणि उरलेलं सेवेचं एक पाकीट पुढे केलं. "भैया, इंदौर की सेव है." त्यानं नजर वरच ठेवून हात लांबवला, पाकीट चाचपून कोटाच्या खिशात घातलं आणि त्याच हातानं आम्हाला पुढे काढलं.