तुम्ही विचारलेत म्हणून: ऑस्टिन सेव्हनच का?

"कर वाचवण्यासाठी काढलेल्या त्या खेळण्यावर तुम्ही इतका जीव का टाकता?" हा प्रश्न माझ्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या ब्रिटिश मोटारीबद्दल मला वर्षानुवर्षे विचारला जातो, आणि आजवर मी तो नुसता हसून टाळला याचा मला पश्चात्ताप होतो.

कराचे मी नाकारत नाही. १९२१ पासून ब्रिटनमध्ये दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर बसला. ही अश्वशक्ती सिलिंडरांचा व्यास आणि संख्या यांवरून ठरत असल्यामुळे फोर्ड मॉडेल टीला सुमारे २३ पौंड पडत, तर सेव्हनला ८. पण केवळ कर वाचवायचा असता, तर सेव्हनचे निर्माते हर्बर्ट ऑस्टिन यांनी त्या काळच्या अनेक सायकलकारप्रमाणे, म्हणजे हलक्या, स्वस्त गाड्यांप्रमाणे, दोन सिलिंडरांवर भागवले असते. स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाने चार सिलिंडरांचा आग्रह धरला, म्हणून १९२२ मध्ये साइडकारमधून फिरणाऱ्या कुटुंबांसाठी चारही चाकांना ब्रेक असलेली खरी मोटार उभी राहिली.

एवढे ठामपणे सांगतानाही खंबाटकी घाट मला गप्प करतो. माझ्या १९३१ च्या सेव्हनमध्ये शेजारी वडील बसले होते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये मी इंजिन नको तितके पळवले, तेव्हा ते "आता सोड जरा" असे दोनदा म्हणाले आणि मी ऐकले नाही. धाडकन आवाज होऊन क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, तुटला. भर उन्हात तीन तास ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत आणि त्यानंतर त्या गाडीत कधी बसले नाहीत.

त्या शाफ्टला पुढे एक आणि मागे एक अशी दोनच बेअरिंगे होती. वेग वाढला की आधार नसलेला मधला भाग लवतो. तेव्हा मी ऑस्टिन यांना कंजूष म्हणालो होतो. पुढे मलाच वाटू लागले की तिसऱ्या बेअरिंगने इंजिन लांबले असते, वजन आणि किंमत वाढली असती, आणि ७४७ सीसीच्या या गाडीचे प्रयोजनच उरले नसते. मात्र १९३६ मध्ये कारखान्याने मधले बेअरिंग दिलेच, हे कुणी दाखवून दिले की माझ्याकडे उत्तर नसते.

तुटलेले तुकडे मी जपून ठेवले आहेत. तुटीचा निम्मा भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, म्हणजे तडा जुना होता. उरलेला निम्मा खरखरीत आणि चकचकीत आहे, तो त्या दुपारचा.