मेगा इव्होल्युशन, सोयाबीन अन् सहा प्राइझ कार्डं

तर राजेहो, पोकेमॉन कार्डाच्या खेळाचा मेगा इव्होल्युशन नावाचा सेट २०२५ च्या सप्टेंबरात आला, अन् आमच्या इथं तेव्हा सोयाबीन सोंगायची तयारी. दारव्ह्यात कार्डाचं दुकान कुठचं, म्हून मी मोबाइलवर खेळतो, टीसीजी लाइव्हमधे, म्हंजे ह्याच खेळाच्या अॅपमधे. घराच्या स्लॅबवर गेलं की नेट पकडते, खाली उतरलं की मॅच गेली समजा.

त्या सेटातलं मेगा लुकारियो एक्स हे कार्ड पायलं अन् डोकंच फिरलं. ३४० एचपी, म्हंजे तेवढा मार खाल्ल्याबिगर मरत नाई! अटॅक कराले एनर्जी कार्डं लागतात, हा एकाच फायटिंग एनर्जीत १३० मारते, वरून डिस्कार्डमधल्या, म्हंजे वापरून टाकलेल्या ढिगातल्या, तीन फायटिंग एनर्जी बेंचवर मागं बसलेल्या आपल्या पोकेमॉनले लावून देते, दुसरा अटॅक तर २७० चा, पण तो लागोपाठ दोन टर्न मारता येत नाई. जुन्या एक्सवाय नावाच्या सेटांच्या काळात पोकेमॉनचा मेगा केला की तुमची टर्नच संपायची, ती वाचवाले स्पिरिट लिंक नावाचं कार्ड ठेवा लागे डेकमधे, म्हंजे आपल्या कार्डांच्या गठ्ठ्यात. आता ती कटकट नाई, हे मले लय आवडलं.

पण बावा, मेगा मेला की समोरचा तीन प्राइझ कार्डं उचलते. ती ज्याच्या त्याच्यापुढं सहाच असतात अन् ज्यानं आपली सारी उचलली तो जिंकला, म्हंजे दोन मेगा गेले की खेळ खलास. पयल्या दिवशी मी हेच केलं, दोन्ही पुढं केले अन् दोन्ही गमावले, लहान भाऊ बाजूले बसून दात काढत होता. त्याचं म्हणणं, मधात एखादा एकाच प्राइझवाला फालतू पोकेमॉन मराले द्यायचा, म्हंजे समोरच्याचा हिशोब बिघडते.

पोट्टं बरोबर बोलते, पण त्याले सांगणार कोण.