रात्री बारापर्यंत बेटिंग शॉप: परवान्यापेक्षा पोलिसांची ती यादी भारी पडली

इंग्लंडमध्ये बेटिंग शॉपचा परवाना असणं वेगळं आणि तेच शॉप रात्री दहानंतर उघडं ठेवणं वेगळं. २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टखालच्या परवान्याला काही अटी आपोआप चिकटतात, त्यातली एक वेळेची: सकाळी सात ते रात्री दहा. ती काढून घ्यायची तर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, परवान्यात बदलाचा अर्ज करावा लागतो. पश्चिम लंडनमधल्या ज्या शॉपचा मी मॅनेजर आहे, त्याच्या मालकांची इनमीन दोन दुकानं. मोठ्या साखळ्यांकडे असतो तसा वकिलांचा ताफा नाही, त्यामुळे हे प्रकरण माझ्या गळ्यात आलं.

वेळ वाढवायची कशाला, असं आमच्या घरचेही विचारत होते. चॅम्पियन्स लीगची मॅच आठला सुरू होते. नव्वद मिनिटांत निकाल लागला तर ठीक, पण एक्स्ट्रा टाइम लागला की पेनल्टी किक ऐन रंगात आणि आम्ही शटर ओढतोय. हातात स्लिप घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक शिव्या कायद्याला देत नाही, मला देतं.

अर्ज, फी, दुकानाचा नकाशा हे बिनबोभाट पार पडलं. नोटिशीचं तेवढं नीट बघा: दारावर सलग २८ दिवस लावायची, दहा कामकाजी दिवसांच्या आत स्थानिक पेपरात छापायची आणि सात दिवसांत पोलीस, फायर ब्रिगेड, प्लॅनिंग, बालसंरक्षण, एचएमआरसी (करखातं), गॅम्बलिंग कमिशन अशा सगळ्यांना प्रत द्यायची. आमच्याकडचा पेपर आठवड्यातून एकदा निघतो. तो अंक चुकला तर दहा दिवस हां हां म्हणता संपतात.

घोडं पेंड खाल्लं ते पोलिसांच्या लायसन्सिंग डेस्कवर. हरकतींची मुदत संपता संपता त्यांची हरकत आली, सोबत अटींची यादी. पहिलीच अट वाचून मी चष्मा पुसला. गिऱ्हाइकांनी काचेचे ग्लास दुकानाबाहेर नेऊ नयेत म्हणे! अहो, बेटिंग शॉपमध्ये दारू प्यायला मुळातच बंदी आहे, आणि तशी पाटी दारात लावणं आम्हाला सक्तीचं आहे. कुठल्यातरी पबसाठी केलेली यादी उचलून आमच्या माथी मारली होती. पुढची अट तीच जातकुळीची: रोज रात्री दारावर एसआयए (सुरक्षारक्षकांना परवाने देणारी सरकारी संस्था) परवानाधारक गार्ड. तिसरी: संध्याकाळी सहापासून काउंटरवर किमान दोघं. पुरावा म्हणून जोडलेल्या घटना दुकानातली जुगाराची मशीन फोडल्याच्या, त्यासुद्धा २०१९ च्या आधीच्या. त्या वर्षी १ एप्रिलपासून बी-२ प्रकारच्या या मशीनवर एका डावाची कमाल रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आली. शंभर शंभर पौंड घालवून मशीनवर खुर्ची घालणारा माणूस आणि आजचा माणूस यांत काही फरक आहे की नाही?

हरकत घेणाऱ्या पोलीस साहेबांना मी मुद्देसूद ईमेल लिहिली. उत्तर आलं ते ऑटो-रिप्लाय, साहेब रजेवर. पुन्हा लिहिली. साहेबांची शिफ्ट बदललेली. फोन केला की डेस्कवरचं दुसरं कोणीतरी अतिशय गोड आवाजात ‘निरोप देते’ म्हणायचं. इकडे कौन्सिलने कमिटीपुढे सुनावणीची तारीख ठरवून टाकली, कारण हरकत उभी असली की अधिकारी स्वतःच्या सहीने परवाना देऊ शकत नाहीत. मालक रोज विचारायचे, काय झालं? काय सांगणार, निरोप दिलाय!

मधल्या काळात वरच्या फ्लॅटमधल्या एका गृहस्थांचं पत्र आलं: लोक बाहेर सिगारेटी ओढतात, आवाज होतो. त्यांचा त्रास खोटा नव्हता. पण दारूच्या परवान्यात सार्वजनिक उपद्रव हा मुद्दा धरतात, जुगाराच्या परवान्यात नाही. इथे उद्दिष्टं तीनच: गुन्हेगारी रोखणं, खेळ सचोटीचा ठेवणं, मुलं आणि सहज नादी लागणारी माणसं यांना जपणं. हे त्यांना चहा पाजून समजावलं आणि दाराजवळ कोणी घोळका केला तर हटवायची जबाबदारी घेतली. पत्र त्यांनी मागे घेतलं.

शेवटी साहेब दुकानात उगवले तेही न सांगता, संध्याकाळी, मॅचच्या दिवशी. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं. काउंटरखालचं बटण दाबलं की मॅगलॉक (दाराचं चुंबकी कुलूप) सुटतो आणि दार उघडतं. ते त्यांनी स्वतः दाबून पाहिलं. मग म्हणाले, कालचं रात्री नऊचं फुटेज काढून द्या. मी पुढे झालो तर मला थांबवून काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, तुम्ही काढा. पोरीने कॅमेरा निवडला, वेळ टाकली, फुटेज पेनड्राइव्हवर उतरवून हातात ठेवलं. दारातून आत येणाऱ्याचा चेहरा टोपीखालूनही स्पष्ट. साहेबांचा सूरच बदलला. म्हणून सांगतो, ३१ दिवसांचं रेकॉर्डिंग आहे असं कागदावर लिहिणं पुरत नाही, रात्रपाळीच्या माणसाला ते काढता आलं पाहिजे.

मग तिथेच, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून, आम्ही अटी पुन्हा लिहिल्या. रात्री आठपासून बंद होईपर्यंत दोघं कर्मचारी आणि मॅगलॉक चालू, घटनांची वही, पॅनिक बटण, पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र. गार्ड रोज नाही, आमच्या जोखीम-आढाव्यात गरज दिसली तरच. दोघांच्या अटीला मी विरोध केलाच नाही. एकटा माणूस पैसे मोजेल, दार बघेल, की जुगारापासून दूर राहायला स्वतःहून बंदी घालून घेतलेल्यांचे फोटो ताडून पाहील? हरकत मागे घेतल्याची ईमेल सुनावणीच्या आदल्या दुपारी आली. सुनावणी रद्द, परवाना मंजूर.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: तुमच्या जागेच्या प्लॅनिंग परवानगीत वेळेची अट आहे का ते सगळ्यात पहिलं तपासा. ते खातं वेगळं. लायसन्सिंगने बारा दिले तरी प्लॅनिंगच्या कागदावर दहा असतील तर दहालाच कुलूप. आणि जोखीम-आढावा आपल्या रस्त्याचा लिहा: बसस्टॉप कुठे, शाळा कुठे, पब किती वाजता सुटतो. आमच्या वाटाघाटीत तोच कामाला आला.

परवान्याचा सारांश दुकानात दर्शनी लावावा लागतो. कौन्सिलकडून आलेल्या नव्या सारांशावर बंद होण्याची वेळ छापली होती रात्री दहा. दुरुस्त प्रत मागवली आहे. ‘निरोप देते’, कौन्सिलच्या बाई म्हणाल्या.