विणलेल्या कापडाची चाचणी आणि अर्जातला एक रकाना

मासेमारीच्या होड्यांच्या तळासाठी आम्ही वापरतो त्या काचतंतूच्या लॅमिनेटचे, म्हणजे रेझिनने एकावर एक चिकटवलेल्या कापडाच्या पत्र्याचे, थर एकमेकांपासून सुटण्यास किती विरोध करतात, हे मोजून घेण्याचे काम जुवारीकाठच्या आमच्या कारखान्यात माझ्याकडे आले. नमुने विनासायास तयार झाले. सुरुवातीची भेग ठरावीक जागी असावी म्हणून मधल्या थरांत 13 मायक्रॉनहून जाड नसलेली टेफ्लॉनची फिल्म घातली आणि 25 मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या.

घोडे अडले ते प्रयोगशाळेच्या अर्जावर. त्यात 'तंतूंची दिशा' या रकान्यात एकच कोन लिहिण्याची सोय होती, आणि आमचे वोवन रोव्हिंग, म्हणजे काचतंतूंचे विणलेले जाड कापड, तर उभ्या-आडव्या धाग्यांचे. मी दोन्ही दिशांचे अंश म्हणून '0/90' लिहिताच अर्ज परत आला. थर सुटण्याच्या चाचणीचे एएसटीएम या मानक संस्थेचे डी 5528 हे मानक एकदिश, म्हणजे सगळे एकाच दिशेने असलेल्या, तंतूंच्या लॅमिनेटसाठी आहे, सबब विणलेल्या कापडाचा अहवाल देता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. हे म्हणणे नियमाला धरून होते, म्हणूनच अधिक चीड आली. कारण मग करायचे काय, हे सांगायला कोणीच तयार नव्हते. सही करणारे अधिकारी कधी बैठकीत, कधी रजेवर. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि रेझिन ओलावा शोषते म्हणून मी पट्ट्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात जपत बसलो होतो.

शेवटी 'चाचणी मानकातील पद्धतीने करावी, मात्र नमुना विणलेल्या कापडाचा असल्याची नोंद अहवालात करावी' असे पत्र जोडले, तेव्हा काम मार्गी लागले. हे वाक्य पहिल्याच दिवशी त्यांनी सुचवले असते तर काय बिघडले असते?

अशाच कामासाठी जाणाऱ्यांनी केवळ सरासरी आकड्यावर समाधान मानू नये. विणलेल्या कापडात भेग सरळ धावत नाही. आडव्या धाग्यापाशी ती थबकते, मग एकदम पुढे उडी घेते आणि भार-विस्थापनाचा (किती जोर लावला आणि पट्टी किती उघडली याचा) आलेख करवतीसारखा दातेरी येतो. त्यामुळे थर सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेचे भेग सुटतानाचे आणि थांबतानाचे मूल्य, दोन्ही जूल प्रति चौरस मीटरमध्ये, वेगवेगळे मागावे आणि मूळ नोंदीही घ्याव्यात. पट्टीच्या कडेला आधी व्हाइटनरचा पातळ हात देऊन मिलिमीटरच्या खुणा केल्यास भेगेचे टोक स्पष्ट दिसते. आणखी एक राहिले: पट्टी ओढून उघडण्यासाठी तिच्या भेगेकडच्या टोकाला लावायच्या बिजागऱ्या चिकटवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून स्वच्छ पुसावेत, नाहीतर थरांच्या आधी बिजागरीच सुटते.