इगतपुरीहून परतल्यावर

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले, तेव्हा माझ्याजवळ एकच पिशवी होती आणि मोबाइल, पुस्तके, वही-पेन हे सारे आरंभीच जमा करावे लागले होते. पहाटे ४ वाजता घंटा होई. पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा आणि चौथ्या दिवसापासून शरीरावर उमटणाऱ्या संवेदनांना न चिकटता, न झिडकारता, त्या तटस्थपणे पाहायच्या, अशी ती साधना आहे. गुडघा असह्य ठणकत असताना, ती ठणकही थोड्या वेळाने ओसरते हे स्वतः अनुभवले, तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

परतल्यावर माळा उघडला. ‘कधीतरी लागेल’ म्हणून जपलेले स्टीलचे डबे, आहेरात आलेल्या आणि घडीही न मोडलेल्या साड्या, जुन्या चादरी यांपैकी बहुतेक वस्तू गरजूंना देताना हात अडखळला नाही. आईची पैठणी मात्र ठेवली, आणि ती ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

घरी गेल्यावरही सकाळ-संध्याकाळ एकेक तास साधनेला बसावे, असा शिबिरात आग्रह धरतात. मला संध्याकाळचा तास नेहमी साधत नाही, पण पहाटेचा कधी चुकवत नाही. माळ्याखालचा तो रिकामा झालेला कोपरा आता माझ्या आसनाची जागा आहे. तिथे एक चटई, एक उशी आणि पूर्वेकडची खिडकी आहे.