रो हाऊसच्या बाजूच्या पट्टीत मुलांसाठी पाण्याची घसरगुंडी केली, तो सगळा अनुभव

खूप जणींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला राहतो, सिडकोचं जुनं रो हाऊस आहे आणि कोपऱ्याचं असल्यामुळे बाजूला 11 मीटर लांब आणि जेमतेम 3 मीटर रुंद अशी मातीची पट्टी मिळालीये, तिथे कढीपत्ता, दोन केळी आणि थोडं गवत. मे महिन्यात लेक (वय 7), जावेचा मुलगा (वय 9) आणि नणंदेची दोन मुलं असे चौघं घरात, बाहेर तो आपला चिकट उकाडा, आणि वॉटर पार्कला रोज कोण नेणार. तर म्हटलं घरीच काहीतरी करू, जमिनीवर पसरायची आणि पाणी सोडायची घसरपट्टी असते ना, ती.

पहिला प्रयत्न अगदी फसला. पावसाळ्यासाठी आणलेली निळी ताडपत्री अंथरली, पाईप लावला, मुलं पळत येऊन झेपावली. दहा मिनिटांत दोघांची पोटं लालबुंद, कारण ताडपत्रीची वीण हाताला लागत नाही पण ओल्या कातडीला किसणीसारखी लागते. आणि कडेच्या त्या पितळी रिंगा, एकाच्या कोपराला खरचटलंच. पण मी खरी घाबरले ती लेकीमुळे. मधे एक पट्टा कोरडा राहिला होता, ती छान सरकत आली आणि त्या कोरड्या जागी एकदम थबकली, अंग थांबलं आणि मान पुढे, हनुवटी टणकन खाली आपटली. दाताने ओठ फाटला, फार नाही, पण तो आवाज मला रात्रभर ऐकू येत होता. तेव्हाच डोक्यात बसलं की निसरडं करणं काहीच अवघड नाही, मूल कुठे आणि कसं थांबणार हे ठरवणं अवघड आहे.

त्या रात्री बसून या खेळण्याबद्दल वाचलं. हे खेळणं अमेरिकेतलं, रॉबर्ट कॅरियर नावाच्या माणसाने 1960 मध्ये केलं. तो बोटींच्या सीटांना कव्हरं शिवायचा. कॅलिफोर्नियातल्या लेकवूडला त्याचा मुलगा घरासमोरच्या रंगवलेल्या काँक्रीटवर पाणी सोडून घसरताना त्याला दिसला, पोरगं सोलवटणार म्हणून त्याने कामावरचं नॉगाहाइड, म्हणजे आपल्या रेक्झिनसारखं कापड, आणून अंथरलं. कडेला त्याच कापडाची लांब नळी शिवली आणि तिला ठराविक अंतरावर फटी ठेवल्या, म्हणजे पाईप जोडला की पाणी सगळ्या लांबीवर झिरपत राहतं आणि कोरडी जागा राहतच नाही. 1961 मध्ये पेटंट मिळालं आणि हुला हूपवाल्या व्हॅम-ओ कंपनीने स्लिप एन स्लाइड या नावाने ते विकायला काढलं. म्हणजे आमच्याकडे जे चुकलं त्याचंच उत्तर त्या माणसाने 60 वर्षांपूर्वी शिवून ठेवलेलं होतं, मला फार भारी वाटलं ते.

पण पुढचं वाचून पोटात गोळा आला. 1993 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने या खेळण्याबद्दल इशारा दिला होता की मोठ्या माणसांनी आणि टीनएजर्सनी यावर अजिबात झेपावू नये. 1973 ते 1991 या काळात 7 मोठी माणसं आणि एक 13 वर्षांचं मूल मानेच्या दुखापतीने जखमी झाले होते, काहींना लकवा. कारण तेच, वजन आणि उंची जास्त असली की अंग मधेच अचानक थांबतं आणि सगळा जोर मानेवर येतो. लेकीची हनुवटी आपटली तेच, फक्त कितीतरी पट मोठं.

सकाळी हे सगळं बाबांना म्हणजे सासऱ्यांना सांगितलं. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात 31 वर्षं फिटर होते, रिटायर झाले तरी त्यांची टूलबॉक्स अजून रोज उघडते. मला वाटलं म्हणतील कशाला नसता उद्योग, पण ते म्हणाले, ‘अगं आम्ही पोफळीच्या विरीवर, म्हणजे सुपारीच्या गळलेल्या झावळीवर बसून एकमेकांना अंगणभर ओढायचो, गुडघे फुटेपर्यंत. पोरांना घसरू दे की. आपण नीट करू.’ आणि चष्मा लावून वही घेऊनच बसले.

खाली अंथरायच्या कागदाचा प्रश्न आधी सुटला. नारायणगावला माझा मावसभाऊ आहे, त्याने शेततळं केलं तेव्हाचा 500 मायक्रॉनचा कागद उरला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेततळ्याचा कागद म्हणजे आत विणलेलं एचडीपीई, म्हणजे एक चिवट प्लास्टिक, आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा गुळगुळीत थर, त्यामुळे फाटत नाही आणि पोटाला टोचत नाही. 10 बाय 3 मीटरचा तुकडा त्याने एसटीने पाठवला आणि फोनवर बजावलं, ‘ताई, खाली एक खडा ठेवू नको, आणि खिळे ठोकू नको, कडेने चर खणून कागद पूर.’ शेततळ्याला तसंच करतात म्हणे, कडा चरात दाबून वर माती. ही गोष्ट आमच्यासाठी सोन्यासारखी निघाली, कारण खुंट्या नकोतच होत्या, कुणाचा पाय किंवा डोकं खुंटीवर आपटलं तर? दोन दिवस आम्ही दोघांनी पट्टीतली खडी, काचा, जुने विटांचे तुकडे वेचले, वरून चाळलेली माती आणि मऊ वाळू टाकून तुडवली, दोन्ही कडांना वीतभर खोल चर. मधे 1.8 मीटर रुंद पट्टा मोकळा राहिला. कडेला एसीच्या तांब्याच्या पाईपवर असतं ना ते काळं फोमचं इन्सुलेशन, त्याच्या नळ्या कागदाखाली सरकवल्या, म्हणजे बोटभर उंच मऊ काठ तयार झाला, पाणी आत राहतं आणि मूल कडेला गेलं तरी लागत नाही.

पाण्यासाठी ठिबकची 16 मिलीमीटरची नळी आणली, तुर्भ्याला मिळाली. बाबांनी दाभण तापवून 40 भोकं पाडली, दोन मिलीमीटरची. चालू केलं तर पहिल्या दोन मीटरवर कारंजी आणि शेवटी नुसतं ठिबक ठिबक, म्हणजे पुन्हा कोरडी जागा! हिशोब केला तर सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या तोंडाएवढंच झालं होतं जवळजवळ, मग शेवटपर्यंत प्रेशर टिकणार कसं, आणि आमची टाकी फक्त एक मजला वर आहे. ती नळी फेकली. नवीन घेतली, एक मिलीमीटरची फक्त 22 भोकं, आणि नळीचं शेवटचं टोक बंद न करता फिरवून आणून तीन तोंडांची टी लावून परत सुरुवातीलाच जोडलं, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी येतं. आता सगळीकडे सारखं. वर 20 लिटरची बादली भरायला आधीच्या नळीने दीड मिनिट लागत होतं, आता चार मिनिटं, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. मे महिन्यात आम्हाला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची पातळी रोज पेपरात वाचायची आणि घरी पाणी उधळायचं हे मला पटतच नव्हतं, त्यामुळे या आकड्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानेच नाही. पंप लावून पाणी फिरवायचंही डोक्यात आलं होतं, कूलरचा पंप घरात पडून आहे, पण ओली मुलं आणि 230 व्होल्ट एका जागी नको, बाबांनी विषयच बंद केला.

आता मुख्य गोष्ट, थांबायचं कसं. बाबांनी 15 किलो वाळू जुन्या रेनकोटमध्ये घट्ट गुंडाळून सुतळीने बांधली, तिला मुलांनी लगेच मोटू नाव दिलं. बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो तो मोटूला अडकवून ओल्या कागदावरून सावकाश ओढायचा आणि आकडा बघायचा. ओल्यावर दीड किलो, कोरड्यावर सहा किलो! म्हणजे 15 ने भागलं की घर्षण 0.1 आणि 0.4. मग लेकीला गवतावर 6 मीटर पळायला लावलं, मोबाईलवर 2 सेकंद. सेकंदाला 3 मीटर. वेगाचा वर्ग भागिले (दोन गुणिले घर्षण गुणिले 9.8, हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा), त्याने ओल्यावर ती साधारण 4.6 मीटर जाणार आणि कोरड्यावर सव्वा मीटरसुद्धा नाही. कोरडी जागा एवढी घातक का ते त्या दोन आकड्यांत मला दिसलं. आणि वेग 4 झाला तर अंतर 8 मीटरच्या वर जातं, कारण वर्ग आहे ना, थोडी जास्त धाव म्हणजे बरंच जास्त घसरणं.

आमच्या पहिल्या आखणीत मुलं गेटकडून पळत येऊन मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे घसरणार होती, वर बाबांनी हौसेने 20 सेंटीमीटरचा उतारही काढला होता. उतार धरून हिशोब केला तर साडेसहा मीटर, तोही साध्या धावेला. मोटूला दोघांनी झोका देऊन सोडलं तर तो थेट भिंतीजवळच्या वाळूच्या पिशव्यांवर जाऊन धडकला. आम्ही दोघं काही बोललोच नाही. बाबा भिंतीशी उकिडवे बसून बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘उलटं करू.’

एवढंच. दिशा उलटी. सुरुवात भिंतीकडून, शेवट गेटकडच्या मोकळ्या गवतावर. शेवटाला टणक काही उरलंच नाही आणि सुरुवातीला पाठीमागे भिंत असल्यामुळे पळायला जागा फक्त 2 मीटर, म्हणजे तीनच पावलं, त्यामुळे कुणाला जोरात पळत येताच येत नाही! ‘हळू पळा’ असं मी दिवसभर ओरडले असते तरी कुणी ऐकलं नसतं, ते काम त्या भिंतीने केलं. उतार सपाट करून टाकला. 7 मीटरचा घसरपट्टा, त्यापुढे 2 मीटरचं उथळ तळं, पाणी 5 सेंटीमीटर, फोमचा काठ, आणि त्यापुढे गवत. तळ्यात शिरलं की पाणीच हळूच थांबवतं, झटका बसत नाही. तळं भरायला आठवडाभर आरओचं वाया जाणारं पाणी निळ्या ड्रममध्ये साठवतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला आधी सुचली नव्हती. शेततळ्याचा कागद काळा असतो. दुपारी दोनला मी अनवाणी पाय ठेवला आणि असा चटका बसला की ओरडलेच. त्यामुळे साडेचारनंतर सावली आली की दहा मिनिटं आधी पाणी सोडायचं, हाताच्या उपड्या बाजूने पूर्ण लांबी तपासायची, मगच मुलं. शाम्पू एकदाच टाकून बघितला, धाकट्याच्या डोळ्यात गेला, केळीलाही ते पाणी नको, आणि नुसत्या पाण्यावर छान सरकतंय तर गरजच नाही.

बाकी एका वेळी एकच, पुढचं मूल तळ्यातून उठून गवतावर गेल्याशिवाय मागच्याने पाऊल उचलायचं नाही, हात पुढे लांब. नणंदेचा धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला 5 सेंटीमीटर पाणीही पुरेसं धोक्याचं, म्हणून मी किंवा जाऊबाई कुणीतरी तळ्याजवळ पाटावर बसूनच असतो, मोबाईल आत ठेवून. मोठ्यांना पूर्ण बंदी. रविवारी भावोजी टॉवेल घेऊन तयार होऊन आले होते, नाराज झाले थोडे, पण मी त्यांना 1993 चा तो इशाराच वाचायला दिला आणि मग ते चहा घेऊन पाटावर बसले. पाऊण तास झाला की नळ बंद, काठाचा फोम काढायचा, पाणी चरातून कढीपत्त्याला आणि केळींना. रात्रभर साठवून ठेवायचं नाही, डासांचा त्रास इथे आधीच आहे.

पहिल्या संध्याकाळी लेक नुसती उभी होती. ओठ बरा झाला होता पण तिची हनुवटी आपोआप छातीला चिकटलेली. बाबांनी मोटूला आधी सोडलं, तो सरकत जाऊन तळ्यात शिरला, पाण्याची एक लाट उठली आणि तो काठाच्या बराच अलीकडे थांबला. मग ती गेली. तीन पावलं, पोटावर, आणि तळ्यात थांबल्यावर तशीच पालथी पडून राहिली, माझ्या काळजाचा ठोका चुकला, जवळ गेले तर हसत होती, आवाज न करता, पाण्यात गाल टेकवून. मग काळोख होईपर्यंत चौघांना बाहेर काढणं मुश्किल.

खर्च साधारण 1,900 रुपये झाला, नळी, जोडण्या, फोम आणि वाळू मिळून, कागद भावाचा. मावसभावाला व्हिडिओ पाठवला तर तो म्हणाला पुढच्या वर्षी बांधावरच एक करतो.

जूनच्या पहिल्या पावसाआधी कागद धुऊन, गच्चीवर दोन ऊन देऊन गुंडाळला. गुंडाळताना बाबांनी मधेच थांबवलं, आतून ऑइलपेंटचा डबा आणला आणि कागदाच्या एका टोकाला पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सुरुवात - भिंतीकडे’, आणि पुढे एक लांब बाण.