सॅन वाकीन नदीत पाणी सोडताना

कॅलिफोर्नियात १९४२ साली फ्रायंट धरण झालं, पाणी कालव्यांतून शेतीला गेलं आणि खाली सुमारे ६० मैल नदी कोरडी पडली. समुद्रातून वसंतात नदीत चढणारा चिनूक सामन मासा तिथून संपला. नदीत पाणी सोडावं म्हणून पर्यावरण संघटनांनी सरकारवर केलेला १९८८ चा दावा २००६ मध्ये तडजोडीने मिटला. मर्सेड नदीच्या संगमापर्यंत मासा परत आणायचा आणि शेतकऱ्यांची तूटही कमीत कमी ठेवायची, अशी दुहेरी अट पडली. या कामात धरणाचं दार उघडणं हेच सगळ्यात सोपं!

नदीत सोडायच्या पाण्याचा वर्षाचा कोटा सिएरा पर्वतरांगेतल्या बर्फावरून ठरतो. हंगामभर अंदाज बदलतो, म्हणून नदी पुनरुज्जीवनाचं काम करणारे आम्ही सुरुवातीला हात राखूनच वाटप करतो.

विसर्ग पायरीपायरीने वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला काठच्या निरीक्षण विहिरी बघायच्या. पात्र वाळूचं, शेजारची शेतं सखल. भूजल वर आलं की मुळं गुदमरतात, क्षारही चढतात. प्रत्येक विहिरीची मर्यादा तिथल्या पिकाच्या मुळांच्या खोलीवरून ठरते. पातळी तिथवर जाईल असं दिसलं की विसर्ग तिथेच रोखायचा, कोटा शिल्लक असला तरी. आजच्या पातळीवर विसंबू नये, कारण पाझर नदीच्या मागून सावकाश चढतो. कायमचा तोडगा म्हणजे त्या जमिनीत पाणी पाझरू देण्याचा हक्क मालकाकडून विकत घेणं, आणि तो महागात पडतो.

सोडलेलं पाणी मेंडोटाच्या बंधाऱ्यापाशी किंवा खाली नदीमुखाजवळच्या डेल्टातल्या पंपांवर परत उचलतात. तिथून ते सॅन लुइस जलाशयात जातं आणि अदलाबदलीने कालव्यांच्या लाभधारक शेतकऱ्यांकडे वळतं. शिवाय ज्यांचं पाणी कमी झालं त्यांना ओल्या वर्षी जास्तीचं पाणी एकरफुटाला (एका एकरावर एक फूट उभं राहील एवढ्या पाण्याला) १० डॉलरने मिळतं.

माशांची खरी अडचण तापमानाची. वसंतात आलेला सामन उन्हाळाभर धरणाखालच्या खोल डोहांत थांबतो आणि शरदात अंडी घालतो. अंड्यांना साधारण १३ अंशांपर्यंतचंच पाणी मानवतं. धरणाच्या तळातलं गार पाणी वसंतातच उधळलं, तर अंडी मरतात. बंधाऱ्यांनी वाट अडते म्हणून मासे खाली सापळ्यात धरून टँकरने वर नेतो. सोडण्याआधी टाकीत नदीचं पाणी हळूहळू मिसळायचं. घाई केली तर मासा पोहत जातो खरा, पण नंतर मरतो.

२०१४ च्या दुष्काळात पाणी सोडताच आलं नाही. २०१९ मध्ये मात्र सहा दशकांहून अधिक काळाने वसंतातले प्रौढ सामन समुद्रातून परतले. नदीवरच्या सॅक बंधाऱ्यावरची मासेवाट, म्हणजे मासे स्वतः वर चढतील अशी सोय, त्यानंतरही रखडली. भूजल उपशामुळे तिथली जमीन खचते, त्यामुळे आराखड्यात आजची उंची धरून चालत नाही, पुढची खचणही मोजावी लागते.